वाजवणाऱ्याकडे पाठ

आता सांगितलं तर नातवंडं हसतात, पण आमच्या जव्हारच्या क्लबात दर शनिवारी दिवेलागणीला जॅझ वाजायचं, आणि त्यात क्लॅरिनेट माझा नवरा वाजवायचा. संस्थानाचे दिवस ते. उन्हाळ्यात थंड हवेला म्हणून मुंबईची, नाशिकची पाहुणेमंडळी यायची. बँडमास्तर गोव्याचा. आधी मुंबईत कुठल्याशा हॉटेलात व्हायोलिन वाजवायचा, त्यानंच हे खूळ इकडे आणलं. राजवाड्याच्या बँडातली चार माणसं निवडायची आणि शनिवारी क्लबात नेऊन बसवायची.

नवरा मूळचा सूर्यमाळकडचा, तारपा म्हणजे आमचं भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, ते वाजवणारा. तारपा वाजवताना दम तोडायचा नसतो. गालात वारा धरायचा, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर चालूच. दसऱ्याला पाड्यापाड्यांची माणसं राजवाड्यापुढे नाचायला आली, तेव्हा मास्तर म्हणाला म्हणे, "हा माणूस श्वास घेतो तरी कुठनं?" आणि दिला क्लॅरिनेट हातात. कागदावरचं नवऱ्याला कळायचं नाही, पण एकदा ऐकलं की बोटांत उतरायचं.

बँडवाल्यांच्या चाळीत आम्हाला खोली मिळाली. खोलीचं मला काही नव्हतं हो, पण विहीर दारातून दिसायची! सूर्यमाळला चैत-वैशाखात झऱ्यापाशी वाटी घेऊन बसावं लागायचं. वाटी भरायची, हंड्यात ओतायची, पुन्हा बसायचं. इथं पोहरा सोडला की पाणी. मी तर मनाशी ठरवलंच होतं, आता इथनं हलायचं नाही.

जॅझ म्हणजे काय ते मला नवऱ्यानं सांगितलं. आधी सगळ्यांनी मिळून एक चाल धरायची. मग एकाला मोकळं सोडायचं. तो रानात शिरल्यासारखा मनाला येईल तिकडे जाऊन यायचा आणि बाकीचे खाली ठेका धरून त्याची वाट बघायचे. ते त्याला फार आवडलं. पण पहिल्याच शनिवारी घरी आला तो तोंड पाडून.

"काय झालं रं?" आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो नाही.

"पाठ करून नाचतात," तो म्हणाला. "बाई पाठ करती, साहेब पाठ करतो. गरगर फिरतात नि वाजवणाऱ्याला पाठ!"

आमच्यात तारप्याचा नाच असतो तेव्हा वाजवणारा मधोमध आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती. तो वळेल तसं वळायचं, पण त्याला पाठ कुणी दाखवायची नाही. दाखवली तर अपमान त्याचा नाही, तारप्याचा. तो अपमान नवऱ्यानं पुढल्या शनिवारपर्यंत पोटात ठेवला. आणि मग त्याची पाळी आली तसा खुर्चीवरनं उठला तो थेट नाचणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, कमरेत वाकून, क्लॅरिनेट जमिनीकडे धरून. एका जाड्या साहेबाच्या पायावर पाय पडला. जोड्या सुटल्या, नाच थांबला, सगळे याच्याकडे बघत राहिले.

घरी आला तो खूश! "शेवटी केली तोंडं माझ्याकडं!"

मी कपाळावर हात मारला.

सकाळी मास्तर दारात. हॅट हातात घेऊन उंबऱ्यावरच बसला. "बाय, काय सांगू तुला. क्लबाचे रावसाहेब म्हणतात, पुन्हा खुर्ची सोडली तर बँडातनं काढा नि खोली रिकामी करून घ्या. मी विचारलं ह्याला, प्यायला होतास काय? प्यायला असता तर बरं होतं, माफी तरी मागता आली असती."

माझं सगळं लक्ष विहिरीकडे. मी मास्तरला आमच्या नाचाची रीत सांगितली. त्यानं हॅट गुडघ्यावर ठेवली. "हॉटेलात मी एवढी वर्षं वाजवलं," म्हणाला, "माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मला वाटायचं, रीतच ती." मग नवऱ्याला म्हणाला, "पाळी आली की उभा राहा, ते चालतं. पण जागेवर."

"नि पाठ?" नवरा म्हणाला. "तोंड करून एक जण तरी पाहिजे."

मग मीच म्हटलं, "मी येते. मी राहीन उभी तोंड करून."

तेव्हापासून दर शनिवारी मी क्लबाच्या मुदपाकखान्याच्या खिडकीशी. समोर नाचणारे, त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे तो. खानसाम्याची बायको टोमणे मारायची, "एवढं काय बघतीस गं, पळून जाईल काय तो?"

"पळू नये म्हणूनच बघते," मी म्हणायची.

हळूहळू तीही माझ्याशेजारी उभी राहायला लागली आणि तिचेही पाय हलायला लागले. नवरा पाळीला उठायचा, खिडकीकडे बघायचा, वाजवायचा, बसायचा. खुर्ची सोडली नाही.

मग मी बाळंत झाले, ऐन शुक्रवारी. शनिवारी सुईण मला उठू देईना. क्लबातला बाजा खोलीपर्यंत ऐकू यायचा. क्लॅरिनेट एकटा निघाला तसं माझ्या मनात आलं, आज गेला हा मधोमध, आणि उद्या ही एवढीशी पोर काखेत घेऊन मी त्या झऱ्यापाशी वाटी धरून बसणार.

तो आला. आधी पोरीकडे बघितलं. मी म्हटलं, "उठलास?"

"पाळीला उठलो. जागेवरच."

"मग तोंड कुणाचं होतं तुझ्याकडं?"

"मास्तरचं. मी उठलो तसा तो फिरला व्हायोलिन घेऊन. माझ्याकडं तोंड नि सगळ्या साहेबलोकांना पाठ. माझं संपेपर्यंत तसाच उभा."

"अरे देवा! रावसाहेब काय म्हणाले?"

"माझ्याशी नाय बोलले. उद्या मास्तरला बोलावलंय." मग कोपऱ्यातला हंडा हलवून बघितला आणि दोर खांद्यावर टाकला. "तू पड. पाणी मी आणतो."