सहर दाखवतो

मंडळी, आज पहाटे नातवाच्या लेकीला हलवून म्हणालो, "ऊठ, तुला सहर दाखवतो." एरवी आठला उठणारी पोर बूट घालूनच बाहेर आली.

निजामाच्या राज्यात मीही असाच फसलो होतो. आमच्याकडं शहराला सहर म्हणतात. शाळेतले उर्दूचे मास्तर म्हणाले, "उद्या लवकर ये, सहर दाखवतो." मला वाटलं, धाराशिवला नेणार. अंधारातच धुतलेला सदरा घालून गेलो, तर मास्तरांनी टेकडीवर नेलं. समोर ज्वारीवर तांबडं फुटत होतं.

"मास्तर, सहर कुठंय?"

"हेच की. उर्दूत पहाटेला सहर म्हणतात."

मी लई रुसलो, पण दुसऱ्या दिवशी आपणहून उठलो.

तुम्हाला पहाटे उठायला कुणी शिकवलं? आमची पोर आज गच्चीवरून तांबडं बघत म्हणाली, "पणजोबा, फसवलंत मला." जरा वेळानं म्हणाली, "उद्या पण फसवा."