मागून नेलेला पितळेचा गुंड

हे मी आजवर कोणाजवळच बोलली नाई. नवऱ्याजवळ नाई, पोरीजवळ नाई. देवापुढं हात जोडले, तेही एवढी एक गोष्ट वगळून जोडले. तुम्हाले सांगून राह्यली, कारण तुम्ही आमच्या गावचे नाई. गावच्या माणसापुढं माही जीभ उचलणारच नाई — आणि गंमत पाहा, गावात माही ओळख जिभेचीच हाये.

कुसुम गिरणीवाली म्हणतात मले. आर्वीच्या रस्त्याले आमचं गाव. एसटी थांबते तिथं पानठेला, त्याच्या मांगं माही पिठाची गिरणी. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोला लागते, म्हणून आवाज मोठा झाला. का आवाज पहिलेपासूनच मोठा होता, कोणास ठाऊक. सरपंच असो का तलाठी, म्या कोणाची भीड ठेवली नाई. लोक म्हणत — कुसुमच्या पोटात एक न् ओठात एक नसते, ती भेत नाई कोणाले. दहा वेळा ऐकलं की माणसाले स्वतःलेही ते खरं वाटाले लागते नं? मले वाटलं.

कुठून सुरू करू? रत्नमालापासूनच करा लागन.

रत्नमाला माही शेजारीण, भिंतीले भिंत लागून. माह्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. अंगणवाडीत मदतनीस होती — लेकरायले खिचडी वाढे, त्यायचे नाकं पुसे. नाकासमोर चालणारी बाई. आवाज इतका हळू, का दळण टाकाले आली तं मले दोनदा विचारा लागे, गहू आणला का ज्वारी. तिथल्या सेविकेची जागा खाली होणार होती. त्यासाठी रत्नमालानं लग्नानंतर अभ्यास करून बारावी काढली होती, आणि तिचाच नंबर लागणार हे साऱ्या गावाले माहीत होतं. नवरा हमाली करता करता कंबर धरून बसला होता. त्या घराचं सारं त्या एका जागेवर टेकलं होतं. हे मले माहीत नव्हतं असं नाई. तिनंच मले सांगतलं होतं, माह्याच ओट्यावर बसून.

आता पाण्याचं. पंचायतीनं घरोघरी नळाले मीटर बसवले. नळ यायचा चौथ्या-पाचव्या दिवशी, तोही आधी घटकाभर निस्ती हवा सोडे, आणि मीटर त्या हवेवरही गरगर फिरे. म्हणजे आम्ही हवेचेही पैसे भरून राह्यलो होतो. त्यात पाणीपट्टी वाढवली. आणि एक दिवस ऑटोवर भोंगा लावून गावभर सांगतलं — भरली नाई तं नळ तोडू. बाया पेटल्या. पेटवणारी कोण? मीच. गिरणीवर दळण घ्याले येणाऱ्या एकेकीले म्या सांगतलं, का बाई, आज गप्प बसशीन तं उद्या विहिरीवर जाशीन.

आमच्याकडे पाण्याचा मोर्चा म्हटला का बायायनं रिकामं भांडं घेऊन जायचं आन् चमच्यानं वाजवायचं. प्लास्टिक वाजत नाई. माहे पितळेचे भांडे म्या कव्हाच मोडीत घालून मिक्सर घेतला होता. मंग मोर्च्याच्या पुढं चालणाऱ्या बाईच्या हातात गिरणीतली बकेट शोभन का? तेवढ्यासाठी — निस्त्या शोभेसाठी — सकाळी रत्नमालाच्या घरी गेली आन् तिचा गुंड मागितला. गुंड म्हणजे पाणी भराचं पितळेचं मोठं गोल भांडं. आमच्याकडे लग्नात पोरीले मामा देते. तिच्याही मामानं देलेला. गळ्यावर ठिपक्यायनं कोरलेलं — चि. रत्नमाला हिला मामाकडून भेट. वर्षभर फळीवर राहे, दिवाळीले चिंचेनं घासला का सोन्यावाणी दिसे. तिले द्याचा नव्हता, तोंडावर दिसत होतं. पण मले नाई म्हणणारं गावात कोण होतं? "जपून आणजा, ताई," एवढंच म्हणाली.

ती तं यालेही तयार नव्हती. सरकारी काम आहे, बरं नाई दिसत, असं म्हणत होती. म्या झापली तिले — पाणी तुह्या घरी काय वेगळं येते? माहीच निळी बकेट तिच्या हातात देली. पिठानं पांढरी झालेली, साऱ्या गावाच्या ओळखीची बकेट. ती मुकाट्यानं माह्या मांगं चालाले लागली.

पंचायतीच्या फाटकावर पोलिस होते. तालुक्याहून गाडी आलती, ठाणेदार स्वतः आलता, दोन लेडीज पोलिसही होत्या. आधी सारं ठीक होतं. आम्ही वाजवून राह्यलो, ते उभे होते, एक जण तं हसतही होता. पण सरपंच बाहेर निघेना. ऊन चढलं. मांगच्या बाया रेटाले लागल्या, पोलिसायनं काठ्या आडव्या धरल्या आन् आम्हाले मांगं ढकललं. एक म्हातारी पडली. मंग कोण काय करून राह्यलं, काही समजेना. काठ्या चालल्या. पायावर चालल्या, पाठीवर चालल्या. माह्या कोपरावरही एक बसली — पण ते मी सांगून नाई राह्यली. ते सांगतलं तं तुम्ही मले सूट द्यान.

माह्या समोर लेडीज पोलिस होती. तरणी पोरगी, हिंगणीकडची होती असं मागून समजलं. तिनं काठी चालवली नव्हती. तिनं फक्त गुंडाले हात लावला आन् म्हटलं, काकू, मांगं सरा. काकू म्हटलं तिनं मले. आन् म्या तो गुंड दोन्ही हातानं उचलला —

लागला असं म्हणू का? धक्क्यानं लागला? नाई. मारला. पाहून मारला. तिची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, ती खालीच बसली.

माह्या हातातून गुंड सुटला. धूळ, बोंबाबोंब, कोणाचं कोणाले दिसत नव्हतं. मी मांगं मांगं सरकली. पायाशी माही बकेट पडली होती, पळापळीत रत्नमालाच्या हातून निसटलेली. म्या ती उचलली. काऊन उचलली? सवयीनं उचलली असं लय दिवस स्वतःले सांगतलं. सवयीनं नाई उचलली.

ठाणेदारानं गुंड उचलला, फिरवून पाह्यला, नाव वाचलं आन् मोठ्यानं विचारलं — रत्नमाला कोण? आणि ती बाई धावत गेली हो! गर्दीतून वाट काढत, पदर सावरत धावत गेली. तिले वाटलं, साहेब गुंड परत देऊन राह्यले. गुंड कोणी मारला, रक्त कोणाचं, तिनं काहीच पाह्यलं नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं केले आन् म्हटलं, "माहा हाये, साहेब."

ते पुढं केलेले हातच पोलिसायनं धरले.

तव्हा तिले उमगलं. तिनं मान फिरवून मले शोधलं आन् म्हटलं, म्या तं कुसुमताईले देलता. साऱ्या बाया माह्याकडे पाहाले लागल्या. ठाणेदारही पाहाले लागला. पाचावर धारण बसली होती माही — पण आवाज? आवाज गिरणीतलाच निघाला. "मले? माह्या हातात माही बकेट हाये, दिसत नाई का?"

बस. एवढंच बोलली मी. आणि माह्या बाजूनं कोण बोललं माहीत आहे? माही आजवरची अब्रू. त्या रेटारेटीत कोणाच्या हातात कोणतं भांडं होतं, हे कोणालेच धड आठवत नव्हतं, तं बाया आपसात म्हणाले लागल्या — कुसुमनं मारला असता तं छाती ठोकून सांगतलं असतं, ती भेते का कोणाले? जिंदगीभर खरं बोलून जे काही जमवलं होतं, ते एका खोट्यासाठी वापरलं. रत्नमालाले गाडीत बसवलं. माह्याकडे ती पुन्हा पाहत होती का, मले माहीत नाई. मी बकेटीकडे पाहत होती.

पुढचं थोडक्यात. पंचायत नमली, वाढवलेली पाणीपट्टी मांगं घेतली. बाकी बायायवरचे गुन्हेही बोलाचालीनं मिटले. मारोतीच्या देवळात सभा झाली, माह्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ देला. म्या घेतला. पण पोलिसाचं डोकं फोडलं तं ते काही बोलाचालीनं मिटत नाई. रत्नमालाची केस उभीच राह्यली; त्या पोलिस पोरीले मारणारीचं तोंड आठवलं नाई, गुंडावरचं नावच पुरावा झालं. सेविकेची जागा दुसरीले गेली, आणि निकाल लागेपर्यंत येऊ नको म्हणून खिचडी वाढाचं कामही गेलं. मंग ती लोकायच्या वावरात निंदाले, कापूस वेचाले जाऊ लागली. तारखेच्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर एकटीच उभी दिसे, माह्या गिरणीच्या समोर. कोणी तिच्यासंग बोलत नसे. गाव म्हणे, एक तं पोलिसातल्या पोरीले मारलं, वरून दुसऱ्याचं नाव घेतलं. तिचा नवराही तेच म्हणे.

तुम्ही म्हणसान, पोलिस होते, काठ्या चालल्या होत्या, भेली असशीन. म्याही असंच म्हणून पाह्यलं. पण थांबा — माहा खरा गुन्हा तो नाईच. तो मी अजून सांगतलाच नाई.

मोर्च्याले काही महिने झाले होते. दुपारची वेळ, लाईट गेलती, गिरणी बंद, गिऱ्हाईक कोणी नाई. रत्नमाला आली. हातात दळण नव्हतं. मले वाटलं आता ही भांडन, शिव्या देईन, आणि खरं सांगते, देल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं. ती दाराच्या चौकटीले धरून उभी राह्यली. लय वाळली होती. म्हणाली, "ताई, मी केसमधून मले सोडवा म्हणाले नाई आली. मी कोणाले सांगणारही नाई. निस्तं मले एकटीले सांगा — म्या तुम्हाले गुंड देलता का नाई? सारेच म्हणतात तं मलेच वाटाले लागलं, का मी यडी झाली."

कोण होतं तिथं? ठाणेदार नव्हता, काठी नव्हती, गाव नव्हतं. गिरणीही बंद होती. एक 'हो' पुरे होता. त्या 'हो'नं माहं काहीच जाणार नव्हतं, ती कोणाले सांगणार नव्हती. पण तिचं डोकं तरी तिच्याजवळ राह्यलं असतं.

म्या उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला आन् म्हटलं, गर्दीत भास झाला असन वं तुले. लय घाबरली होतीस तू. म्या हे मायेनं म्हटलं, म्हणजे मायेच्या आवाजात म्हटलं. तिनं मान डोलावली आन् गेली.

काऊन म्हटलं असन? लय वेळा विचारलं स्वतःले. एकच उत्तर येते — तिच्या नजरेतही मले खोटं पडाचं नव्हतं. एवढ्यासाठी एका चांगल्या बाईचं मन ठिकाणावरून हलवलं म्या. गुंड म्याच नेला होता. म्याच मारला. हे ऐकून तुम्ही मले काही म्हणा, नका म्हणू. मले कोणाकडून काही नको.

यंदा संक्रांतीले माह्या घरी हळदीकुंकू होतं. बाया भरल्या होत्या. रत्नमाला आली. मोर्च्यानंतर पहिल्यांदाच उंबरठा चढली. म्या तिले कुंकू लावलं, तिळगूळ देला. तिनं साऱ्यायपुढं हात जोडले आन् म्हटलं, ताई, म्या तुमच्यावर खोटा आळ घेतला होता. माहं डोकंच ठिकाणावर नव्हतं. मनात ठेवू नका.

म्या म्हटलं, जाऊ दे वं, म्या कव्हाचंच माफ केलं तुले. बाया म्हणाल्या, मन मोठं आहे कुसुमचं. रत्नमाला खाली वाकली, माह्या पायाले हात लावाले. म्या पाय मांगं घेतले नाई.