रोजा चाचांचा, सब्र सगळ्यांचा

उपाशी माणूस कमी बोलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी रमजानच्या महिन्यात एकदा आमच्या चाचांबरोबर गाडीतून जावं. दाण्याला आणि पाण्याला न शिवलेला माणूस रोटोटुनातल्या आमच्या घरांपासून हॉस्पिटलपर्यंत एका दमात इतकं बोलू शकतो, हे मी स्वतः ऐकलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. चाचा माझे सख्खे चुलते नव्हेत. ते मूळचे दापोलीकडचे, न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला येऊन जमाना झालेला, हॉस्पिटलात फार्मासिस्ट. मी पुण्याची, त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आणि त्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहणारी. एक आठवडा त्यांची गाडी आणि एक आठवडा माझी, असं आम्ही ठरवलं. त्यात पेट्रोल वाचलं, कान मात्र वाचले नाहीत. मी हे एकदा त्यांच्या बायकोला, म्हणजे चाचींना, बोलून दाखवलं. त्या भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, “तुला वाटेपुरतं आहे गो. माझं बघ, रोजा ह्यांचा आणि सब्र माझा.”

रमजान लागला की चाचांच्या अंगात उत्साह संचारतो. रोजा का धरायचा, याचं एक नवं कारण त्यांना रोज सकाळी सुचलेलं असतं आणि ते पहिल्या सिग्नलच्या आत मला सांगितलं नाही तर त्यांना चैन पडत नाही. एके दिवशी कारण असतं शुक्र, म्हणजे कृतज्ञता. “दिवसभर पाणी नसलं ना, की संध्याकाळच्या पहिल्या घोटाला चव असते. पाण्याला चव असते, हे तुला ठाऊक होतं काय?” दुसऱ्या दिवशी कुराण याच महिन्यात उतरलं, म्हणून हा महिना पाहुण्यासारखा सांभाळायचा. तिसऱ्या दिवशी गरिबाची भूक पोटाने समजून घ्यायची. पण या सगळ्यांच्या वर, सुभेदारासारखं बसलेलं त्यांचं लाडकं कारण म्हणजे तकवा. “नमाज लोकांना दिसतो, जकातीचं दान घेणाऱ्याला दिसतं, हजला निघालो तर अख्खा गाव पोचवायला येतो. पण रोजा? औषधांच्या कोठीत मी एकटा, समोर गार पाण्याची बाटली. प्यायलो तर कुणाला कळणार आहे? तरी पीत नाही. कोणी बघत नसताना तो बघतोय, ही जाग म्हणजे तकवा. बाकी सगळा नुसता डाएट.”

मी एकदा त्यांना माझ्या चतुर्थीबद्दल सांगितलं. वाटलं, आता साबुदाण्याच्या खिचडीवरून थट्टा होणार. पण त्यांनी गंभीरपणे विचारलं, “तू का धरतेस?” मी म्हटलं, आई धरायची म्हणून. चाचा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “हेही कारणच झालं.” मग त्यांनी खिचडीत किती तूप असतं ते विचारलं आणि मी सांगितल्यावर दोनदा ‘सुभानअल्लाह’ म्हणाले.

रोज्यात रागावायचं नाही, हा नियम त्यांना फार जड जातो, कारण चाचा गाडी चालवतात बैलगाडीच्या वेगाने आणि मागचा हॉर्न त्यांना थेट काळजात लागतो. “रोज्यात राग म्हणजे भोक पाडलेल्या मडक्यात पाणी भरणं,” असं ते दात आवळून म्हणतात. कोणी भांडायला आलंच, तर ‘माझा रोजा आहे’ एवढंच सांगावं, अशी शिकवण आहे म्हणे. एकदा राउंडअबाउटपाशी ते नेहमीप्रमाणे दहा गाड्यांना आदराने वाट देत थांबले होते. मागच्या यूटचा, म्हणजे उघड्या हौद्याच्या गाडीचा, ड्रायव्हर संतापून शेजारी आला आणि त्याने सगळी शब्दसंपदा रिकामी केली. चाचांनी काच खाली केली, छातीवर हात ठेवला आणि नम्रपणे म्हणाले, “ब्रदर, आय ॲम फास्टिंग!”

“फास्ट?” तो ओरडला. “मेट, माझी आजी तुझ्यापेक्षा फास्ट चालवते!”

मी हसून हसून डॅशबोर्डवर डोकं टेकलं. चाचांनी काच वर केली आणि म्हणाले, “बघ, मी रागावलो नाही.” त्यांचे कान मात्र टोमॅटोसारखे लाल झाले होते.

न्यूझीलंडमध्ये राहण्याचा त्यांना एक खास अभिमान आहे. इथे सूर्य जगाआधी मावळतो, त्यामुळे जगातला पहिला खजूर आपणच खातो, असा त्यांचा ठाम दावा. रोजा सोडला की दापोलीच्या भावाला फोन. “मी सोडला रे! तुझी तर अजून दुपार!” भाऊ बिचारा तिकडे सुकल्या घशाने म्हणतो, “तू आधी धरलास म्हणून आधी सोडलास. त्यात मोठेपणा कसला?” चाचांना हा हिशेब आजतागायत पटलेला नाही.

अशा या माणसाच्या रक्तातली साखर वाढली, तीही अशी की इन्सुलिन सुरू करावं लागलं. मला त्यांनी सांगितलं, “डॉक्टर म्हणाले, रोजे धरायला हरकत नाही.” घरीही तेच सांगितलं. मशिदीत इतर आजाऱ्यांना मात्र हेच चाचा हात धरधरून समजावत: आजाऱ्याला सवलत आहे, सवलत नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा हात झिडकारणं, शरीर ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. औषधवाल्याचं ज्ञान आणि श्रद्धा, दोन्हीचा आधार असलेलं ते भाषण इतकं बिनतोड होतं, की ते ऐकून भलेभले मुकाट्याने जेवायला लागत.

त्या संध्याकाळी गाडी माझी होती. परत येताना चाचा तकवा समजावत होते. एकच वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, पण त्यात मला काही वावगं वाटलं नाही, एरवीही ते म्हणतातच. मग चाचा गप्प झाले. तेव्हा मी घाबरले. वळून बघते तर कपाळावर घाम, हात थरथरताहेत. साखर एकदम उतरली होती. पहिल्या डेअरीपाशी, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, गाडी लावली, धावत जाऊन संत्र्याचा रस आणला, झाकण उघडून त्यांच्या हातात दिला.

“सूर्य अजून वर आहे,” ते पुटपुटले.

“चाचा, प्या.”

“आता थोडंच राहिलंय गो. मला काय होत नाही.”

“डॉक्टरांनी खरंच परवानगी दिलीय?”

त्यांनी बाटली मांडीवर ठेवली. मग माझाही संयम संपला. “कोणी बघत नसताना तो बघतो म्हणता ना? मग चाचींपासून लपवलेलं त्याला दिसत नाही?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी बाटली तोंडाला लावली आणि डोळे मिटून प्यायले. डोळ्यांतून पाणी येत होतं. थोड्या वेळाने आवाज परत आला, तसे म्हणाले, “माझंच भाषण मलाच ऐकवलंस.”

“रोज ऐकते,” मी म्हटलं. “कधीतरी उपयोग व्हायला नको?”

ते हसले, तेव्हा कुठे मी स्टिअरिंगवर हात ठेवला. घरी चाचींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्यापुढे भाताचं ताट ठेवलं. त्या महिन्यात चाचा कुणाला एवढे घाबरलेले मी पाहिले नाहीत.

पुढे सुरू झाली त्यांची खरी परीक्षा: रमजानमध्ये जेवणं. हॉस्पिटलात ते सँडविच असं खात, जणू चोरून आणलंय. पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर वाकून बसत आणि कोणी ओळखीचं दिसलं की घास तसाच गालात धरून मान डोलावत. रोजा धरता येत नसेल तर दर दिवसामागे एका गरजू माणसाला जेवू घालायचं, ज्याला फिदया म्हणतात, ते तरी चोख करायचं असं त्यांनी ठरवलं. पैसे देऊन भागलं असतं, पण चाचांना स्वतःच्या हाताने वाढायचं होतं. आता रोटोटुनात भुकेला माणूस आणायचा कुठून? जो तो अंगणात बार्बेक्यू करतोय. चाचांनी शेजारच्या गोऱ्या आजोबांना कुंपणावरून विचारलं, “आर यू हंग्री?” ते म्हणाले, “ऑलवेज, मेट,” आणि उलट चाचांनाच फेहोआ नावाच्या पेरूसारख्या फळांची पिशवी दिली.

शेवटी शहरात एक कम्युनिटी किचन सापडलं. चाचींनी पुलाव रांधला, मी पातेलं धरायला गेले. रांगेत जांडल, म्हणजे रबरी चपला, घातलेला, पिकल्या दाढीचा एक माणूस होता. “किआ ओरा, आज काय विशेष?” त्याने माओरीत नमस्कार करून विचारलं. विचारायचाच अवकाश! चाचांनी त्याला रोजा, आजार, फिदया, गरिबाची भूक, सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. मग हसून म्हणाला, “मीही बरेच दिवस उपाशी असतो, ब्रो. त्याचं पुण्य मिळतं हे मला कोणी सांगितलंच नाही.”

त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. चाचांनी त्याच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. परतताना गाडीत म्हणाले, “मी त्याला कारणं सांगत बसलो गो. त्याचा भात गार होत होता.” त्यानंतर गरिबाच्या भुकेचं कारण मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. पातेलं मात्र दर आठवड्याला जातं, तो रमजान कधीच संपला तरी.

यंदाच्या रमजानात त्यांनी मला इफ्तारला बोलावलं. डेकवर चटई अंथरली होती. चाचींचा रोजा होता, दोन-तीन शेजारी होते. चाचांनी दुपारी औषधापुरतं जेवून घेतलेलं, हे चाचींनी आल्याआल्याच मला जाहीर केलं. खजुराची ताटली फिरली. सगळ्यांनी एकेक उचलून हातात धरला, चाचांनीही. सूर्य अजून समोरच्या छपरावर रेंगाळत होता.

मी हळूच म्हटलं, “चाचा, तुम्ही खाल्लात तरी चालेल ना? तुमचा कुठे रोजा आहे?”

“चालेल की,” ते म्हणाले. खजूर बोटांत तसाच होता. “पण या वेळेला सगळ्यांबरोबर थांबायला मला आवडतं.”

आणि मग आमचे चाचा, छपरावरचं ऊन उतरेपर्यंत, काहीही न बोलता बसून राहिले. मीही माझा खजूर हातात धरून त्यांच्या शेजारी थांबले.