इसको हाथ नक्को लगाओ

बाबा हैदराबादेत गौलीगुड्याच्या बसस्टँडवर पार्सलं चढवायचे. आई बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांत पोळ्या करायची. दोघांपैकी एक आजारी पडलं की पीठ शेजारणीकडून यायचं. माझी शाळा दहावीपर्यंत मराठी. इंग्रजी सुधारावं म्हणून बाबा रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायचे. स्वतःला वाचता येत नसे, म्हणून जाडी बघून घ्यायचे. एकदा ट्रॅक्टर दुरुस्तीचं आणलं. मी तेही वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द.

नोकरी लागली तरी वाचायची रीत तीच राहिली. आमची छोटी टीम कॉलेज प्रवेशाची वेबसाइट सांभाळायची. ती जावाच्या ज्या फ्रेमवर्कवर उभी होती, त्याचं नवं व्हर्जन चढवायचं काम पहिल्यांदाच मला एकटीला मिळालं. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. टेस्ट सर्व्हरवर मात्र लॉगिन केलं की एरर. सर्व्हरवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे.

आमचे टीम लीड हैदराबादचेच. म्हणाले, "शाम तक नै हुआ तो पुराना वापस डाल देंगे. ये काम पुणे ऑफिसवाले कर लेंगे."

एकदा काम गेलं की परत कोण देतं?

मी एररचा लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहिलेली लांबलचक नोंद, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी हसला. "क्या अक्का, नॉवल पढरे क्या? आखरी लाइन देखो, बस."

"पढने दे रे. चाय होना तो जा, मेरे लिए भी ला."

त्या खुर्च्या, तो चहा, ती चेष्टा आता कुठे राहिली? टीम कधीच पांगली. आठवण आली की अजून बरं वाटतं.

शेवटच्या ओळीत फक्त 'कनेक्शन नाकारलं' एवढंच होतं. मधल्या ओळीत पत्ता होता, आणि तो चुकीचा. लॉगिनची माहिती जिथे साठते तो सर्व्हर वेगळा होता, पण वेबसाइट ती स्वतःच्याच मशीनवर शोधत होती. माझ्या लॅपटॉपवर ती साठवणही चालू होती, म्हणून तिथे काही कळलंच नाही.

सेटिंगची फाइल उघडली. पत्ता बरोबर होता. पण त्या भागाच्या डोक्यावर कुण्या जुन्या माणसाने लिहून ठेवलं होतं: 'इसको हाथ नक्को लगाओ.' आमच्यात ते सगळे पाळायचे. मीही बाकीच्या सेटिंगची नावं नव्या व्हर्जनप्रमाणे बदलून तेवढा भाग जसाच्या तसा ठेवला होता. नव्या व्हर्जनमध्ये त्या सेटिंगचं नाव बदललं होतं, आणि जुनं नाव ते गुपचूप सोडून देऊन स्वतःच्याच मशीनचा पत्ता धरत होतं.

मी हात लावला. नवं नाव लिहिलं, सर्व्हर पुन्हा चालू केला. लॉगिन झालं.

लीडनी स्वतः लॉगिन करून बघितलं. "चलो, चढा दो."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. ते अपग्रेड मी एकटीने पूर्ण केलं.