बायनाबाईचं बसणं

बायनाबाईचं अर्धं आयुष्य डोक्यावर घमेलं घेऊन गेलं. रस्ता असो, विहीर असो की तळ्याची पाळ, चामोर्शीच्या आसपास जिथे मातीकाम निघेल तिथे ती हजर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता गुडघेही साथ देईनात.

१९८४ च्या उन्हाळ्यात गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीची दुरुस्ती रोजगार हमीवर निघाली. मजुरी वाटायला मी दर आठवड्याला जात असे, म्हणून हे जवळून पाहता आलं. कामावर तान्ही मुलं असतील तर मजुरांपैकीच एका बाईने ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, अशी योजनेत सोय होती. बायांनी बायनाबाईचं नाव सुचवलं. नथ्थू मुकादमाने ते लिहून घेतलं.

मोहाच्या झाडाला लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या. सर्वांत लहान मूल रुखमाचं, तीन महिन्यांची मुलगी. रुखमाचा नवरा आजारी होता आणि घर तिच्या एकटीच्या मजुरीवर चालत होतं. मुलीला बघणारं कोणी नसतं, तर तिला कामावर येताच आलं नसतं.

बायनाबाई मात्र सावलीत बसून अवघडली. मुलं झोपली की ती उठायची आणि घमेलं उचलायची.

"तुले सुख काऊन बोचते वो?" माती वाहणाऱ्या बायांतली वच्छला म्हणाली.

"बसल्या जागेची मजुरी खाऊ का मी? पोरं तं घरी बी पाह्यतोच आपण."

ती घमेलं घेऊन पाळीवर असतानाच एके दिवशी साहेब तपासणीला आले. साहेब तरुण होते, पुण्याकडचे. झोळ्यांपाशी कोणीच नव्हतं.

"मुलांना बघणारी बाई कुठे आहे?"

"मीच, साहेब," बायनाबाई अभिमानाने म्हणाली. "पोरं बी पाह्यतो, माती बी वाह्यतो."

"म्हणजे मुलांसाठी वेगळी बाई लागतच नाही. उद्यापासून ही जागा बंद."

रुखमाचा चेहरा उतरला. तो पाहिल्यावर आपण काय करून बसलो ते बायनाबाईला कळलं. "माहं चुकलं, साहेब," ती म्हणाली, पण साहेब मोजमापाकडे वळले होते.

खालून वर बायांची रांग होती. भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात पाळीवर जाई. तेवढ्यात रुखमाची मुलगी उठून रडू लागली. बायनाबाई धावायला निघाली, तर वच्छलाने तिचा हात धरला.

"तू नोको जाऊ. जागा बंद झाली ना तुही?"

मग रुखमा रांगेतून निघाली. रडण्याने दुसरी मुलं जागी झाली आणि आणखी दोघी गेल्या. रांग तुटली. घमेली खालीच साचली, आणि खोदणारी माणसं फावडी टेकवून उभी राहिली.

"काम का थांबलं?" साहेबांनी विचारलं.

"पोरं पाहून राह्यल्या बाया," वच्छला शांतपणे म्हणाली. "वेगळी बाई लागत नाई म्हणता, मंग आमीच पाह्यतो."

खोदणाऱ्यांत कोणीतरी हसलं. साहेबांनी तुटलेली रांग आणि खाली साचलेली घमेली पाहिली. मग बायनाबाईला म्हणाले, "बाई, ते घमेलं खाली ठेवा. तुमचं काम झाडाखाली आहे. पुन्हा माती वाहताना दिसलात तर नाव कापीन."

नथ्थूने तिच्या हातातलं घमेलं घेतलं, मोहाखाली पालथं घातलं आणि म्हणाला, "बसा आता, सायबाचा हुकूम हाये."

त्या आठवड्याची मजुरी घेताना तिने मला विचारलं, "बसल्याचे बी तेवढेच?"

"तेवढेच," मी म्हणालो.

"बसणं नाई होय ते, भाऊ," मागून रुखमा म्हणाली.

पाळ पावसाळ्याआधी पूर्ण झाली, आणि रुखमाचा एकही खाडा पडला नाही. दोन वर्षांनी गावात अंगणवाडी सुरू झाली. मदतनीस म्हणून गावातली एक तरुण सून लागली, पण बायनाबाई रोज जाऊन बसायची. ती सून केर काढायला उठली आणि एखादं मूल रडू लागलं, की बायनाबाई तिला दटावायची, "झाडू ठेव वो. पह्यले बसाले शिक."