सॅबीची आई, आमच्या लोपीसबाई

अध्यापक विद्यालयातल्या पहिल्याच तासाला एमिलिया लोपीसबाईंनी आम्हाला विचारले, "घरी कुणाकडून काय शिकलात?" मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. "बापाकडून जालं विनायला," असे बोलून गेले आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "कसं शिकवलं त्यांनी?" मी सांगितले, आधी ते माझ्या हातावर हात ठेवायचे, मग नुसते बाजूला बसायचे. बाई वर्गाला म्हणाल्या, "वर्षभर आपण जे सिद्धांत शिकणार, त्यांतला एक हिच्या घरी आहे." माझी भाषा त्यांनी सुधारली नाही. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

बाई अध्ययनाचे मानसशास्त्र शिकवीत. बक्षीस आणि शिक्षेने सवय लागते, समज येत नाही, हे त्यांनी आमच्या मनात पक्के रुजवले. बालविकासाच्या टप्प्यांचा तक्ता फळ्यावर काढून झाल्यावर मात्र त्या थांबल्या. "माझा सॅबी तुमच्याच वयाचा आहे. त्याला अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत. कुठल्या रकान्यात बसवाल?" मग त्याच म्हणाल्या, "हा तक्ता सरासरी मुलाचा आहे. सरासरी मूल मला अजून भेटलेलं नाही."

सॅबी त्यांचा एकुलता मुलगा. त्याची बौद्धिक वाढ जन्मापासून मंद, हृदयही अधू. वडील लवकर गेलेले. मी घरी जाऊ लागले तेव्हा बाई त्याला बटणेच शिकवीत होत्या. सगळी आपण लावायच्या आणि शेवटचे त्याच्यासाठी सोडायच्या. ते जमले की शेवटची दोन. यात कित्येक महिने गेले. एका रविवारी सगळी बटणे स्वतः लावून तो चर्चमध्ये मिस्साला निघाला, तेव्हा वाटेत भेटेल त्याला थांबवून छाती दाखवत होता.

"जमलंच नसतं तर, बाई?" मी विचारले.

"तर मी लावली असती. शिकणं ही प्रेमाची अट नसते, कल्पना."

आता नायगावच्या शाळेत माझ्या वर्गात एखादे मूल मागे पडले आणि माझा आवाज चढू लागला, की हे वाक्य मला आवरते.

गेल्या वर्षी सॅबीचे हृदय थकले. बोटांतले बळ गेले. एकेक बटण पुन्हा बाईंकडे आले. अखेरचा पांढरा शर्टही त्यांनीच त्याला घातला. शेवटच्या बटणाशी हात थांबला. मला म्हणाल्या, "तू लाव गं. मला नाही जमत." मी लावले.

आम्ही विद्यार्थ्यांनी योजलेला पंचाहत्तरीचा हा गौरव त्यांना नकोच होता. "मुलगा गेला, आता हार कसले?" मी म्हटले, "हार नाही आणत. आम्हाला तुमच्याजवळ बसायचंय." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

अशा प्रसंगी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. ते चिंतताना माझी जीभ अडखळते. परवा बाईंनीच सांगितले, "सॅबीच्या मागे मला एकच दिवस दे, असं मी रोज मागायची. मी आधी गेले तर त्याचं कोण करणार? देवानं ऐकलं. पण एकावर थांबला नाही."

बाई, न मागता मिळालेले हे दिवस तुम्हाला जड न जावोत. डोळे, गुडघे धड राहोत, रात्री झोप लागो. आणि अजून पुष्कळ वर्षे आम्ही दारात येऊन "बाई" म्हणून हाक मारली, की आतून ओ येवो.