चौथ्या लेनची वेळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खूप वर्षांपूर्वी आमच्या जलतरण क्लबच्या निवड स्पर्धेत चौथ्या लेनची वेळ मी घेत होतो. शेजारच्या लेनमधल्या भाचीकडे बघण्याच्या नादात माझ्या लेनमधल्या सुषमाचा हात भिंतीला लागलेला मला दिसलाच नाही. बटण उशिरा दाबलं आणि गप्प राहिलो. सुषमाची निवड हुकली, भाचीची झाली.

आज क्लबचा सुवर्णमहोत्सव. सुषमा आता इथली कोच. पोरांच्या शर्यतीआधी तिने स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं.

"दादा, चौथी लेन तुम्हीच घ्या. तुमच्या वेळेवर कुणी भांडत नाही."

पोरं वाकून उभी राहिली. पाणी इतकं स्थिर, जणू त्यात कधी कुणी हरलंच नव्हतं. मी अंगठा बटणावर ठेवला.

तिची खरी वेळ मलाही ठाऊक नाही. पण मी लिहिलेली खोटी होती, एवढं तिला सांगणं अजून बाकी आहे.